आधी केसपेपर, मग ग्रँट: अँटिबायोटिकची चिठ्ठी नेमकी करण्याच्या संशोधनासाठी निधी कसा मागायचा

दर पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की एखादा निवासी डॉक्टर किंवा एखादी इंटर्न माझ्या दारात येऊन उभी राहते. "मॅडम, सीआरपीवर काम करायचंय. ग्रँट कुठून मिळेल?" सीआरपी म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि कल्चरचे, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचे, रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर पडतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. तुमच्या ओपीडीतले गेल्या आठवड्याचे तापाचे पन्नास केसपेपर घेऊन या, मग बोलू. बरेच जण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांना अजून कोणाला विचारायचं हेच माहीत नाही त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे. शहरातले जनरल प्रॅक्टिशनर, प्राथमिक आरोग्य केंद्रावरचे वैद्यकीय अधिकारी, फार्मसीचे प्राध्यापक, सगळ्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

विषय थोडक्यात असा. जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या कारणाने झाले, आणि ज्यात या कारणाचा हात होता असे ४९ लाख ५० हजार, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. भारताने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा केला. त्याआधी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिकांच्या विक्रीवरचा कडक नियम, लागू झालं. पण चिठ्ठी लिहिली जाते त्या दोन मिनिटांत डॉक्टरच्या हाताशी काय असतं? स्टेथोस्कोप, टॉर्च आणि बाहेरच्या बाकावर बसलेले चाळीस रुग्ण. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि साध्या तापाला कल्चर कोणी पाठवतही नाही. त्या दोन मिनिटांत डॉक्टरला आधार देईल असं काहीतरी शोधणं, मग ती चाचणी असो, गुणांकाचा तक्ता असो की चिठ्ठी देण्याची वेगळी रीत असो, हा आपला विषय.

पहिली पायरी: पन्नास केसपेपर

मी केसपेपरवर एवढा भर का देते ते सांगते. पैसे देणारी समिती दिल्लीत बसते. अँटिबायोटिकचा गैरवापर वाईट आहे, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं नसतं, ते त्यांना पाठ आहे. त्यांना हे कळायला हवं की तुमच्या दवाखान्यात नेमकं कुठल्या रुग्णाला, कुठल्या लक्षणावर, कुठलं औषध नाहक दिलं जातं. हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

एक केसपेपर डोळ्यांसमोर आणा. वय ३४, स्त्री, विडी कामगार. "ताप ३ दिवस, सर्दी, खोकला, अंगदुखी." छाती तपासून "क्लिअर" असं लिहिलेलं. निदानाच्या जागी "व्हायरल फीवर". आणि खाली औषधांत पॅरासिटामॉलच्या वर अझिथ्रोमायसिन ५००, तीन दिवस. निदान एक सांगतं, औषध दुसरं. असे कागद वेगळे काढा, कारण तुमचा प्रस्ताव त्यांच्यातूनच निघणार आहे. दुसरा हमखास सापडणारा कागद म्हणजे तापाच्या तिसऱ्याच दिवशी केलेली विडाल. विडालमध्ये दिसणाऱ्या प्रतिपिंडांना वर चढायला साधारण आठवडा लागतो, आणि आपल्यासारख्या ठिकाणी निरोगी माणसातही त्या थोड्याफार असतातच. तरी त्या एका आकड्यावर मुदतीच्या तापाचं निदान होतं आणि सेफिक्झिमचा कोर्स सुरू होतो.

नोंद करताना नाव, पत्ता, फोन उतरवून घेऊ नका. वय, लिंग, तक्रार, किती दिवसांची, तपासणीत काय आढळलं, कुठली चाचणी केली, निदान काय, अँटिबायोटिक दिलं का, दिलं तर कुठलं आणि किती दिवस, एवढे रकाने पुरे. औषधापुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अवेअर' वर्गीकरणाचा गट लिहा. २०१७ पासून ही संघटना अँटिबायोटिकांचे तीन गट करते: अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्यात, कोलिस्टिन आणि लिनेझोलिड तिसऱ्यात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशांनी असं मान्य केलं की २०३० पर्यंत माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी किमान ७० टक्के अ‍ॅक्सेस गटातली असावीत. तुमच्या पन्नास कागदांवरचा आकडा या ७० टक्क्यांशेजारी ठेवलात की प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आपोआप लिहून होतो.

मात्र हे कागद काढण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीचं पत्र घ्या. नाव नसलेल्या जुन्या नोंदींसाठी कमिटी अनेकदा लवकर मार्ग काढून देते. "नुसते कागद तर बघायचेत" म्हणून ही पायरी गाळली, तर पुढे तेच आकडे प्रस्तावात वापरता येत नाहीत.

दुसरी पायरी: पद्धत निवडा, पण यंत्राच्या प्रेमात पडू नका

नवखा माणूस बहुतेक वेळा सीआरपीपासून सुरुवात करतो, आणि त्यात काही गैर नाही. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात दाह सुरू झाला की काही तासांत रक्तात वाढतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबातून काही मिनिटांत मोजता येतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४ मध्ये खोकल्याच्या रुग्णांसाठी असा सल्ला दिला: लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर अँटिबायोटिक सहसा नको, २० ते १०० च्या मध्ये असेल तर थांबून घ्यायची चिठ्ठी, १०० च्या वर असेल तर औषध द्या. व्हिएतनाममध्ये हनोईच्या आसपासच्या प्राथमिक केंद्रांवर दोन हजारांवर रुग्णांत ही चाचणी वापरून पाहिली. २०१६ मध्ये छापलेला निकाल असा, की चाचणी न केलेल्या गटात ७८ टक्क्यांनी अँटिबायोटिक घेतलं आणि केलेल्या गटात ६४ टक्क्यांनी. दम्यासारख्या जुनाट सीओपीडीच्या रुग्णांवर इंग्लंड-वेल्समध्ये झालेल्या, २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत हाच फरक ७७ आणि ५७ टक्के असा होता.

आता दुसरी बाजूही प्रस्तावात यायला हवी. प्रोकॅल्सिटोनिन हे सीआरपीचं महागडं भावंड. अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांत १,६५६ रुग्णांवर केलेल्या, २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याच्या आधाराने अँटिबायोटिकचे दिवस काही कमी झाले नाहीत. का? डॉक्टर आधीच बरंचसं नेमकं लिहीत होते, आणि आकडा समोर असूनही कित्येकांनी आपल्याच अंदाजाने औषध दिलं. हे वाचून मला तरी असं वाटतं की चाचणी डॉक्टरच्या हाताशी देणं सोपं, तिच्यावर विश्वास बसवणं अवघड. तुमच्या प्रस्तावात दुसऱ्या गोष्टीसाठीही पैसे आणि दिवस मांडा.

यंत्राशिवायचे मार्गही खूप आहेत, आणि पहिल्या ग्रँटसाठी मी तेच सुचवते. घसा दुखत असेल तर सेंटॉर गुणांक: ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेच्या पुढच्या गाठी दुखणं आणि खोकला नसणं. प्रत्येकाला एक गुण. एका कागदाच्या छपाईत हे भागतं. टांझानियात लहान मुलांच्या तापासाठी टॅबलेटवर चालणारी एक प्रणाली बनवली, तिच्यात काही रॅपिड चाचण्याही होत्या. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या गटात ३० टक्के आणि या प्रणालीच्या गटात साडेअकरा टक्के होतं, आणि प्रकृती बिघडण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं, उलट कमी होतं. अमेरिकेत काही डॉक्टरांनी "गरज नसताना मी अँटिबायोटिक देणार नाही" असा स्वतःच्या फोटोचा आणि सहीचा फलक तपासणीच्या खोलीत लावला. २०१४ मध्ये छापलेल्या त्या छोट्या चाचणीत अनावश्यक चिठ्ठ्या जवळपास २० टक्क्यांच्या फरकाने घटल्या. इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना वरिष्ठांचं एक पत्र गेलं, "तुमच्या भागातल्या बहुतेकांपेक्षा तुम्ही जास्त लिहिता" असं सांगणारं, आणि तेवढ्यावर चिठ्ठ्या ३.३ टक्क्यांनी घटल्या. टपालाच्या खर्चात झालेलं काम आहे हे.

थांबून घ्यायच्या चिठ्ठीबद्दल थोडं सविस्तर. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, पण सांगतात की दोन-तीन दिवस वाट बघा, ताप हटला नाही तरच औषध आणा. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकापासून यावर काम झालंय. तिथे ती चालते, कारण चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही. आपल्याकडे अशोक चौकातल्या मेडिकलवर चिठ्ठी न दाखवता चार गोळ्या सुट्या मिळत असतील, तर रुग्ण दोन दिवस का थांबेल? म्हणजे इथे अभ्यासात औषध दुकानदाराला धरल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथली पद्धत उचलून इथे लावताना काय तुटतं आणि काय जोडावं लागतं, हाच खरा संशोधनाचा प्रश्न. असा प्रश्न पाहून समितीचे सदस्य कागद उलटायचे थांबतात.

तुमच्याकडे मोठी प्रयोगशाळा असेल तर स्थानिक अँटिबायोग्रामही विचारात घ्या. आपल्या भागातले लघवीतले जंतू कुठल्या औषधाला किती प्रमाणात दाद देतात, याचा वार्षिक तक्ता. नियम असा की एका जंतूचे किमान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, आणि एका रुग्णाचा त्या जंतूचा पहिलाच नमुना धरायचा. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं, प्रतिरोध सर्वेक्षणाचं जाळं २०१३ पासून चालू आहे, पण त्यात बहुतांशी मोठ्या रुग्णालयांतले नमुने असतात. बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या ओपीडीतल्या बाईच्या लघवीच्या संसर्गाचं चित्र त्यात क्वचितच उमटतं.

तिसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात, आणि रुग्णाचं काय झालं तेही

माझा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हाची गोष्ट. कुठल्या संस्थेकडून ते महत्त्वाचं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी लिहिलं होतं की सीआरपीने अँटिबायोटिकचा वापर कमी होतो का ते पाहू. शेऱ्यात एकच प्रश्न होता: "कमी दिल्यानंतर रुग्णाचं काय झालं, हे तुम्ही कसं पाहणार?" मी रुग्णाला विसरले होते. आकडे कमी करायच्या नादात, ज्याला औषध नाकारलं त्याचा न्यूमोनिया वाढला तर काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आजही ते आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं. त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रस्तावात दोन निकष सोबतच असतात: अँटिबायोटिक मिळालेल्यांचं प्रमाण, आणि १४ दिवसांत प्रकृती बिघडून पुन्हा यावं लागलेल्यांचं किंवा दाखल झालेल्यांचं प्रमाण.

सोलापुरात आणखी एक सावधगिरी लागते. इथे हजारो बाया घरी बसून विड्या वळतात, आणि यंत्रमागावरच्या माणसांच्या छातीत कापसाचे तंतू जातात. त्यांचा खोकला प्रत्येक वेळी जंतूंचा नसतो, आणि कधी कधी तो क्षयाचा असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो रुग्ण अभ्यासात न घेता थुंकीच्या तपासणीला पाठवायचा, हे वाक्य प्रस्तावात ठळक लिहा. आणि खोकल्याला फ्लुरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक देण्याची सवय क्षय झाकून टाकते, हे कारणही लिहा. हे वाचून परीक्षकाला कळतं की तुम्हाला इथला रुग्ण माहीत आहे.

मग येतं नमुन्याचं गणित, जिथे नवखे सर्वांत जास्त अडखळतात. समजा तुमच्या केसपेपरांवरून सध्या ७० टक्क्यांना अँटिबायोटिक दिलं जातं आणि ते ६० वर आणायचं आहे. नेहमीप्रमाणे पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता, ८० टक्के आणि नसलेला फरक दिसण्याच्या चुकीची मर्यादा ५ टक्के धरली, तर दर गटात सुमारे ३५३ रुग्ण लागतात. पण एकाच डॉक्टरने एका रुग्णाला एक रीत आणि दुसऱ्याला दुसरी, असं होत नाही. हात एकदा वळला की तसाच वळतो. म्हणून रुग्णांऐवजी दवाखानेच दोन गटांत वाटावे लागतात. एका दवाखान्यातले रुग्ण एकमेकांसारखे निघतात, म्हणून संख्या वाढवावी लागते. दर दवाखान्यात ३० रुग्ण आणि साधर्म्याचा गुणांक ०.०५ धरला, तर १ अधिक २९ गुणिले ०.०५ म्हणजे २.४५. आता ३५३ ला २.४५ ने गुणा: ८६५. म्हणजे दर गटात २९ दवाखाने, एकूण ५८. त्यात काही जण मध्येच सोडून जातील, त्यांची भर वेगळी.

५८ दवाखान्यांचे डॉक्टर तयार होतील का, हा प्रश्न स्वतःला रात्री शांतपणे विचारा. होणार नसतील तर आत्ताच मोठा प्रस्ताव करू नका. सहा-आठ दवाखान्यांचा पथदर्शी अभ्यास करा, ज्यात रुग्ण तयार होतात का, डॉक्टर पाळतात का, फोनवर किती जण भेटतात, एवढंच पाहायचं. या गणितासाठी जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या आणि त्यांचं नाव सहसंशोधक म्हणून टाका. शेवटच्या आठवड्यात फाईल घेऊन जाणाऱ्यांचा त्यांना राग येतो, आणि तो रास्त आहे.

चौथी पायरी: कोणाच्या दारात जायचं

तुम्ही एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती, म्हणजे एसटीएस, बघा. १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचं काम असतं, आणि केसपेपरांचा अभ्यास त्यात नेमका बसतो. एमडी करत असाल तर प्रबंधासाठी आयसीएमआरचं वेगळं सहाय्य आहे. शिक्षक असाल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संशोधनविषयक परिपत्रकांवर लक्ष ठेवा. रक्कम लहान असली तरी पहिली ग्रँट मिळाल्याचा कागद पुढच्या दारात उपयोगी पडतो.

त्यानंतर आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीच्या, योजना आणि केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाचं सहाय्यक अनुदान. जाहिरात आली की तिच्यातला विषय, रकमेची मर्यादा आणि मुदत हे तीन मुद्दे आधी वाचा. तुमचा विषय ओढूनताणून बसवावा लागत असेल तर त्या जाहिरातीला अर्ज करू नका. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेली इंडिया अलायन्स क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या फेलोशिपही देते. तिथे प्रस्तावाइतकंच माणसाला तोलतात, मुलाखत कडक असते.

तुम्ही नवं उपकरण किंवा पट्टी बनवत असाल तर रस्ता वेगळा आहे. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची बिग योजना १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत देते. अभियांत्रिकीच्या किंवा केगावच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या मित्रांसोबत सेन्सरवर काम करणार असाल, तर २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन फाउंडेशनच्या योजनाही पाहा. या क्षेत्रात कुठवर मजल गेली आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगते: लघवीच्या संसर्गात जंतू आहे का आणि कुठलं औषध चालेल, हे पाऊण तासात सांगणाऱ्या एका यंत्राला २०२४ च्या जूनमध्ये ८० लाख पौंडांचं लाँगिट्यूड पारितोषिक मिळालं. स्पर्धा जाहीर झाली होती २०१४ मध्ये. दहा वर्षं लागली.

किट बनवणारी कंपनी फुकट किट देऊ करेल. घ्यायला हरकत नाही, पण लेखी करार हवा: आकडे तुमचे, विश्लेषण तुमचं, निकाल उलटा लागला तरी छापायचा हक्क तुमचा. आणि हे सगळं प्रस्तावात उघड लिहायचं. परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, संस्थेची परकीय योगदानाची नोंदणी तपासावी लागते, आणि त्यात महिनोन् महिने जातात.

पाचवी पायरी: वेळापत्रक आणि अंदाजपत्रक सोलापूरचं हवं

प्रस्तावातलं वेळापत्रक बहुतेक जण कुठून तरी उतरवतात. पहिले तीन महिने तयारी, पुढचे बारा महिने नोंदणी. इथे तसं चालत नाही. आषाढी वारीच्या वेळी जिल्ह्यातली आरोग्य यंत्रणा पंढरपूरच्या बंदोबस्तात असते. प्राथमिक केंद्रांवरचे डॉक्टर, नर्स, रुग्णवाहिका, सगळं तिकडे. त्या आठवड्यांत ग्रामीण केंद्रांवर नवं प्रशिक्षण ठेवलंत तर रिकाम्या खुर्च्यांना शिकवाल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. त्या दिवसांत रुग्णाची विचारपूस करायला पाचव्या दिवशी केलेला फोन शहरात कोणी उचलत नाही. आणि तापाचा हंगाम नेमका वारीच्या मागोमाग सुरू होतो, म्हणून प्रशिक्षण मे महिन्यात उरकावं लागतं.

मे महिन्यात आणखी एक अडचण. इथला पारा ४० च्या वर असतो, आणि बऱ्याच रॅपिड किटच्या डब्यावर साठवणुकीची कमाल मर्यादा ३० अंश छापलेली असते. पत्र्याच्या छताच्या दवाखान्यात, वीज गेलेल्या दुपारी, टेबलाच्या खणात ठेवलेलं किट चुकीचा आकडा दाखवेल आणि तुम्हाला कळणारही नाही. अंदाजपत्रकात दर दवाखान्यामागे एक तापमापक आणि एक चांगला थंड डबा लिहा. रक्कम किरकोळ आहे, पण ती ओळ वाचून परीक्षक ओळखतो की या माणसाने दवाखान्यात उभं राहून विचार केलाय.

खर्च गुणाकाराने मांडा, अंदाजाने नाही. वरच्याच उदाहरणात चाचणीच्या गटात ८७० रुग्ण. वाया जाणारी दहा टक्के धरून ९५७ चाचण्या. पंचवीसचा डबा असेल तर ३९ डबे. तीन पुरवठादारांची कोटेशन्स जोडा. दोन्ही गटांचे मिळून १,७४० रुग्ण, प्रत्येकाला पाचव्या आणि चौदाव्या दिवशी फोन, म्हणजे ३,४८० फोन. एक माणूस संध्याकाळी चाळीस फोन करतो असं धरलं तर ८७ संध्याकाळी. संध्याकाळीच का? कारण विडी वळणारी बाई दिवसा हातातली पानं खाली ठेवून फोनवर बोलणार नाही. तिचा रोज विड्यांच्या हजारावर मोजला जातो. त्याच कारणाने तिला पुन्हा दवाखान्यात बोलवायचं असेल तर रिक्षाभाडं आणि बुडालेल्या वेळेची भरपाई अंदाजपत्रकात हवी. त्याला आमिष म्हणत नाहीत, पण रक्कम एथिक्स कमिटीकडून मान्य करून घ्या.

आणि भाषांतराचे पैसे विसरू नका. शहराच्या पूर्व भागात संमतीपत्रक तेलुगूत लागतं, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये, काही वस्त्यांत उर्दूत. मराठीतून भाषांतर करून घ्या आणि दुसऱ्याकडून ते परत मराठीत आणवून ताडून बघा. "अँटिबायोटिक" हा शब्द कित्येकांना कळत नाही. "हाय पॉवरची गोळी" म्हटलं की कळतं, पण त्यात कौतुकाचा सूर आहे, म्हणून मी संमतीपत्रकात "जंतू मारणारं औषध" लिहिते आणि सर्दीचा बहुतेक ताप त्या औषधाने जात नाही, हे पुढच्याच ओळीत सांगते.

सहावी पायरी: परवानग्या

हे थोडक्यात. एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा. दोन गटांत वाटणी असलेला अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालीच पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. प्राथमिक केंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, शहरातल्या नागरी केंद्रांसाठी महापालिकेचं. खासगी दवाखान्यांत एकेका डॉक्टरची लेखी संमती. त्यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांना वगळू नका. वस्तीतला तापाचा रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो, आणि त्यांना गाळून काढलेला निष्कर्ष वस्तीबद्दल काहीच सांगत नाही.

ही पत्रं मिळायला लागणारा वेळ जाहिरातीच्या मुदतीपेक्षा हमखास जास्त असतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता अर्ज करून ठेवा.

सातवी पायरी: पाठवल्यानंतर

पोर्टलवर शेवटच्या दिवशी फाईल चढत नाही, हे गृहीत धरून तीन दिवस आधी पाठवा. संस्थाप्रमुखांची सही असलेलं प्रमाणपत्र स्कॅन करून आधीच तयार ठेवा. ते दौऱ्यावर असले की सगळं अडतं.

नकार आला तर शेरा जपून ठेवा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका. मग प्रत्येक वाक्यासमोर तुमचं उत्तर लिहा: मान्य, म्हणून काय बदललं, किंवा अमान्य, आणि का. हाच कागद पुढच्या प्रस्तावाचा पाया होतो. माझा तो परत आलेला प्रस्ताव मी असाच दुरुस्त केला आणि दुसऱ्या खेपेला, आधीपेक्षा लहान रूपात, मंजूर झाला.

मंजूर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लेखा विभागात जाऊन बसा. स्वतंत्र खातं, खरेदीची पद्धत, आणि वर्षअखेरीस जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र कोण तयार करणार हे ठरवून घ्या. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि तोपर्यंत तुमचा क्षेत्र कार्यकर्ता पगाराविना घरी बसतो. असं एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

आणि निकाल हाती आले की नियतकालिकाकडे पाठवण्याच्याच सुमारास प्रत्येक सहभागी डॉक्टरला त्यांचे स्वतःचे आकडे बंद पाकिटात द्या: त्यांच्या तापाच्या दर शंभर रुग्णांत किती अँटिबायोटिक, त्यात अ‍ॅक्सेस गटातली किती, आणि बाकी दवाखान्यांची सरासरी किती. दुसऱ्या कोणाचं नाव त्यात नको. पाकीट पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो, पण डॉक्टर बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर घरीच असतात. चहा होईल, आणि ते पाकीट तुमच्यासमोरच उघडतील.